डोक्यातला बदाम

माझ्या आयुष्यात बदाम दोनदा आला. पहिल्यांदा आला तो बी.कॉम.च्या परीक्षेच्या वेळी. आई रोज रात्री चार बदाम वाटीत भिजत घालायची आणि सकाळी साल काढून माझ्यापुढे ठेवायची. बदामाने बुद्धी वाढते अशी तिची ठाम समजूत. निकाल लागला, मला जेमतेम दुसरा वर्ग मिळाला, तरी तिची समजूत ढळली नाही. "चारानं काय होतंय? सहा द्यायला हवे होते," एवढंच ती म्हणाली. त्या चार बदामांच्या जोरावर मी बँकेत क्लार्क झालो आणि गेली वीस-बावीस वर्षं अलिबाग तालुक्यातल्या एका शाखेत काउंटरच्या आतल्या बाजूला बसून बाहेरच्या बाजूचा राग झेलतो आहे.

दुसऱ्यांदा बदाम भेटला तो बँकेच्याच प्रशिक्षणवर्गात. 'रागावलेला ग्राहक' असा विषय होता. अशा वर्गांना मी आनंदाने जातो. जेवण चांगलं असतं आणि तिथे ग्राहक नसतात. व्याख्याते तरुण होते. त्यांनी पडद्यावर मानवी मेंदूचा उभा छेद दाखवला. (जेवणाआधीच्या तासाला हे चित्र दाखवायला नको होतं. दुपारी पानात फ्लॉवरची भाजी आली आणि माझा घास हातातच राहिला.) ते म्हणाले, आपल्या डोक्यात दोन्ही बाजूंना, कानांच्या पातळीवर पण खोल आत, बदामाएवढा एकेक गोळा असतो. त्याला अमिग्डला म्हणतात, आणि ग्रीक भाषेत त्या शब्दाचा अर्थच मुळी बदाम. धोका दिसला की हा बदाम आधी घंटा वाजवतो. छाती धडधडते, तळहाताला घाम सुटतो, आवाज चढतो. कपाळामागचा विचारी मेंदू चष्मा पुसून "प्रकरण काय आहे?" असं विचारेपर्यंत तोंडातून जायचं ते शब्द गेलेले असतात.

म्हणजे बघा. आई ज्या आकाराचा बदाम बुद्धी यावी म्हणून खायला घालत होती, त्याच आकाराचा दुसरा बदाम जन्मापासून डोक्यात बसून ती घालवायच्या खटपटीत होता. माझ्या दुसऱ्या वर्गाचं कोडं मला त्या दिवशी उलगडलं.

(पुढे उत्सुकतेपोटी चार पुस्तकं चाळली तेव्हा कळलं की प्रकरण इतकं सोपं नाही. हा बदाम म्हणजे नुसती रागाची तोटी नव्हे. भीती, आठवण, कशाकडे लक्ष द्यायचं, अशी बरीच कामं त्याच्याकडे आहेत. थोडक्यात, शाखेत जसा एखादा क्लार्क असतो, नाव एका टेबलाचं आणि कामं पाच टेबलांची, तसा तो आहे.)

हे सगळं मी विसरूनही गेलो असतो, पण गावाने मला तंटामुक्त समितीवर घेतलं. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झाली, तेव्हा आर. आर. पाटील गृहमंत्री होते. गावातली भांडणं गावातच सामोपचाराने मिटवायची, आणि मिटवली तर गावाला बक्षीस, अशी ती योजना. बक्षीस म्हटल्यावर गावागावांत अशी काही शांतता पसरली, की ज्यांचं भांडण नव्हतं तेही आम्ही समेट केला म्हणून सह्या द्यायला तयार झाले. पुढे तो उत्साह ओसरला, तरी आमच्याकडे समिती आहे. आता तर २०२३ च्या मध्यस्थी कायद्यातही वस्तीतल्या तंट्यांसाठी सामुदायिक मध्यस्थीचं स्वतंत्र प्रकरण घातलेलं आहे. मला समितीवर घेण्याचं कारण मात्र कायदा नव्हता. "बँकेत असतो, हिशेबाला बरा," असं सरपंच म्हणाले, आणि मला ती स्तुती वाटली.

आमचं गाव चौल-रेवदंड्याच्या पट्ट्यातलं. वाड्यांचं गाव. माड, पोफळी, मधे विहीर, आणि दोन वाड्यांच्या मधे बांध. बाकीच्या जगात माणसं कशावरून भांडतात ते मला माहीत नाही. आमच्याकडे बांधावरून भांडतात.

माझ्याकडे आलेला पहिला तंटा दोन सख्ख्या भावांचा. गाव त्यांना अण्णा आणि नाना म्हणतं, आपणही तेच म्हणू. अण्णा थोरले, मुंबईला गोदीत नोकरी करून निवृत्त होऊन आलेले. नाना गावातच राहिलेले. वाटणी झाली तेव्हा घराची मागची बाजू नानांकडे गेली आणि मोरीपाशी वाढलेला एक माड बरोबर बांधावर आला. तो कोणाचा यावरून सव्वीस वर्षं बोलणं बंद. पाडेली माडावर चढला की दोघंही खाली येऊन उभे राहायचे, आणि तो बिचारा वरून विचारायचा, "कोणच्या अंगाला टाकू?"

मी कॉमर्सचा माणूस. रात्री बसून कागदावर हिशेब मांडला. माडाला वर्षाला ऐंशी नारळ धरले, वीस रुपयांनी सोळाशे रुपये. त्यातून पाडेल्याची मजुरी वजा. उलट बाजूला वकिलाची फी, मोजणीचा खर्च, तारखांना अलिबागला जाण्यायेण्याचं एस.टी.चं भाडं, दोघांचे मिळून त्रेपन्न हजार. पुढच्या रविवारी देवळाच्या सभामंडपात बैठक भरली. मी ताळेबंद वाचून दाखवला, शेवटची ओळ लाल शाईने अधोरेखित केली होती ती वर करून दाखवली आणि म्हणालो, "आता भावना बाजूला ठेवून विचार करा."

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा दोघा भावांचं एका मुद्द्यावर एकमत झालं. तो मुद्दा म्हणजे मी.

"कालचं पोरगं आम्हांला सोळाशे रुपये शिकवतंय," अण्णा म्हणाले.

"बापाशी आमच्या वाडीत येऊन शहाळी पिऊन जायचा, तेव्हा हिशेब कुठे होता?" नाना म्हणाले.

बैठक बरखास्त झाली. घरी आलो तेव्हा माझी छाती धडधडत होती आणि तळहाताला घाम होता. बदाम माझाही शाबूत होता.

माणूस तोटा का पत्करतो हा प्रश्न मला रात्रभर छळत राहिला. पण तो माझ्या एकट्याचा नाही असं पुढे वाचनात आलं. १९८२ साली जर्मनीत वर्नर ग्युट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक खेळ मांडला. दोघांत मिळून एक रक्कम द्यायची. एकाने वाटे ठरवायचे, दुसऱ्याने 'हो' किंवा 'नाही' एवढंच म्हणायचं. 'हो' म्हटलं तर ठरल्याप्रमाणे पैसे. 'नाही' म्हटलं तर दोघांनाही भोपळा. बी.कॉम.च्या पुस्तकाप्रमाणे दुसऱ्याने दहातला एक मिळाला तरी मुकाट्याने घ्यायला हवा, कारण शून्यापेक्षा एक मोठा. माणसं घेत नाहीत. "ठेव तुझा रुपया तुलाच" म्हणतात आणि दोघं रिकाम्या हाताने घरी जातात. २००३ साली अ‍ॅलन सॅन्फी आणि सहकाऱ्यांनी हाच खेळ मेंदूची छायाचित्रं घेणाऱ्या यंत्रात झोपवून माणसांना खेळायला लावला. अन्यायाची वाटणी पुढे आली की मेंदूतला इन्शुला नावाचा भाग पेटून उठायचा, आणि हा भाग म्हणजे घाणेरडा वास, नासलेली चव यांची किळस येते तेव्हा जागा होणारा! ज्याचा इन्शुला जास्त पेटला तो जास्त वेळा नाही म्हणाला. गंमत अशी की तीच वाटणी माणसाऐवजी संगणकाने केली तर लोक त्यामानाने निमूटपणे घेत. हे वाचून माझी एक जुनी शंका फिटली. ए.टी.एम.मधून पैसे आले नाहीत तर लोक यंत्राकडे दोन क्षण बघून निघून जातात, आणि तेच आम्ही सांगितलं तर आमच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो, तो का, ते कळलं.

खरं म्हणजे हे शिकायला जर्मनीपर्यंत जायची गरज नव्हती. आमच्याच अलिबाग तालुक्यात चरीला १९३३ साली नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखाली कुळांनी खोतांविरुद्ध संप केला. आम्ही पिकवायचं आणि खोताने हवं तेवढं न्यायचं, तर मग आम्ही पिकवतच नाही! १९३९ पर्यंत, म्हणजे सहा वर्षं, जमिनी ओस पडल्या. घरात दाणा नाही, पण पडेल तो वाटा घ्यायचा नाही. माझ्यासारखा एखादा हिशेबनीस तेव्हा ताळेबंद घेऊन गेला असता तर त्याला खाडीत बुडवला असता, आणि बुडवणाऱ्यांचं चुकलं असतं असं आज मी म्हणणार नाही. चरी कुठे आणि मोरीमागचा माड कुठे, हे मलाही कळतं. पण आतला इन्शुला दोन्हीकडे तोच.

आणि ते 'भावना बाजूला ठेवा'! प्रत्येक मध्यस्थ ही एवढी एक ओळ पाठ करून येतो. अंतोनियो दमासिओ नावाच्या मेंदूतज्ज्ञाने १९९४ सालच्या आपल्या पुस्तकात अशा रुग्णांची हकिगत लिहिली आहे, ज्यांच्या कपाळामागच्या मेंदूला इजा होऊन भावना खरोखरच बाजूला पडल्या. बुद्धी शाबूत, स्मरण शाबूत, हिशेब चोख. पण निर्णय होईना. अशाच एकाला पुढच्या भेटीसाठी दोन तारखा सुचवल्या, तर तो डायरी उघडून जवळजवळ अर्धा तास दोन्ही तारखांचे फायदेतोटे सांगत बसला. शेवटी डॉक्टरांनीच दुसरी तारीख सांगितली, तेव्हा म्हणाला, ठीक आहे. (आमच्या प्रधान कार्यालयात असे बरेच जण आहेत, पण त्यांना इजा झाल्याची नोंद नाही.) म्हणजे मी त्या दोघा भावांना नेमकं जे यंत्र वापरून निर्णय घ्यायचा, तेच बाहेर काढून ठेवा म्हणून सांगत होतो.

मग मला लोकअदालत आठवली. थकलेल्या कर्जांच्या फायली घेऊन आम्हां बँकवाल्यांना तिथे टेबल टाकून बसावं लागतं. एकदा होडीच्या इंजिनासाठी कर्ज घेतलेला एक मच्छीमार समोर आला. व्याजात भरपूर सूट देऊ केली, तरी मान हलवेना. तासाभराने बोलला. मुलीच्या साखरपुड्याच्या दिवशी आमच्या माणसाने दारावर नोटीस चिकटवली होती. पाहुणे ती वाचत वाचत आत आले. आमचे साहेब तसे रुक्ष, पण कसे कोण जाणे, म्हणाले, "त्या दिवशी तसं व्हायला नको होतं. चार माणसांत तुमची मान खाली गेली." तो मच्छीमार काही वेळ गप्प बसला. मग आम्ही सांगितलेल्या आकड्यावर सही केली. वर आणखी सूटही मागितली नाही. मी ते प्रकरण 'वसुली' या सदरात लिहिलं होतं.

प्रशिक्षणवर्गातल्या त्या तरुणाने हेही सांगितलं होतं, मीच तेव्हा डुलकी घेत होतो. २००७ साली मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी लोकांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले. नुसते चेहरे बघताना डोक्यातला बदाम खवळायचा. पण त्या चेहऱ्यावरच्या भावनेला योग्य तो शब्द निवडून लावायला सांगितला की बदाम शांत व्हायचा आणि कपाळामागचा मेंदू कामाला लागायचा. भावनेला नाव द्यायचं, बस्स. औषध नाही, खर्च नाही.

बिनखर्चाचं म्हटल्यावर मी पुढच्या रविवारी पुन्हा बैठक बोलावली. या वेळी देवळात नाही, त्या माडाखालीच. अण्णांच्या डोळ्याला डोळा भिडवून, पुस्तकात सांगितल्याप्रमाणे शांत स्वरात म्हणालो, "अण्णा, तुम्हांला राग आला आहे."

"राग?" अण्णा ओरडले. "मला? कोण म्हणतं मला राग आलाय? चल, कोण म्हणतं ते दाखव!"

शास्त्राचं असं असतं. नाव द्या म्हणतात, पण चुकीचं नाव दिलं तर काय होतं ते लिहीत नाहीत.

तेवढ्यात वरून आवाज आला. पाडेली माडावर होता. आम्ही सगळे जमलोच आहोत तर झाप तरी उतरवून घेऊ म्हणून तो चढला होता. गेली तीस वर्षं तो त्या वाडीतले सगळे वाद वरून ऐकत आलेला. तो म्हणाला, "राग नाय ओ तो. अण्णांना वाईट वाटलंय. आयशीचं तोंड बघायला नाय गावलं."

खाली एकदम शांतता झाली. त्या दोघांची आई १९९८ साली गेली. घरात फोन नव्हता. नानांनी दुकानातून अण्णांच्या चाळीत निरोप ठेवला. अण्णा दुसऱ्या पाळीला होते. निरोप उशिरा मिळाला, शेवटची एस.टी. पकडून ते रात्री पोचले, तेव्हा सगळं उरकलेलं होतं. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. ताळेबंदात ते कुठे लिहायचं हे फक्त मला ठाऊक नव्हतं.

अण्णा माडाच्या बुंध्यावर हात ठेवून उभे राहिले. म्हणाले, "आईने हा मोरीच्या पाण्यावर वाढवला. एवढाच राहिला होता."

नाना खाली बघत म्हणाले, "मी चार वाजेपर्यंत थांबवून धरलं होतं सगळ्यांना. भटजी ओरडत होते, गावकरी ओरडत होते."

"मला हे कधी सांगितलं नाहीस."

"तू विचारलंस कधी? आलास तो बारा दिवस गप्प राहिलास, आणि तेराव्याला माड कोणाचा म्हणून विचारलंस."

पुढचा अर्धा तास दोघं एकमेकांना काय काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही. आवाज पहिल्यापेक्षा चढलेले होते, पण आता निदान ते भांडत तरी त्याच गोष्टीवरून होते. शेवटी अण्णा म्हणाले, "नारळ तूच घे. आईच्या श्राद्धाला मात्र याच माडाचा नारळ मला पाठवत जा." नाना म्हणाले, "पाठवायला कशाला हवा? बांध काय तुला ओलांडता येत नाही?" वरून पाडेल्याने विचारलं, "मग आता कोणच्या अंगाला टाकू?" आणि दोघंही त्याच्यावर एकदम खेकसले.

समितीच्या नोंदवहीत मी लिहिलं, 'तंटा सामोपचाराने मिटला. कारण: नारळ.' रकाना तेवढाच होता.

त्या रात्री मी जेवताना सगळी हकिगत तिखटमीठ लावून सौ.ला सांगितली. पाडेल्याचा भाग थोडा कमी केला, माझा थोडा वाढवला. तिने सगळं ऐकून घेतलं, ताटात आमटी वाढली आणि म्हणाली, "ताई आपल्याकडे येऊन किती वर्षं झाली हो?"

माझी थोरली बहीण मुरूडला असते. वडील गेल्यावर, २०१४ साली, सातबारा सुटसुटीत राहावा म्हणून मी तिच्याकडून हक्कसोडपत्र करून घेतलं. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ सालीच दिला होता, केंद्राने २००५ मध्ये. मला दोन्ही तारखा पाठ होत्या. म्हणून तर हक्कसोडपत्र हवं होतं. ताई हसत आली, सही केली, चहा घेतला आणि गेली. पुढच्या भाऊबीजेला तिचे गुडघे दुखत होते. त्यापुढच्या भाऊबीजेला बस मिळाली नाही. त्यानंतर कारण कळवणंही बंद झालं. मी प्रत्येकाला सांगत असे, "आमच्यात काही वाद नाही हो, सगळं कायदेशीर आहे."

शनिवारी दुपारची एस.टी. धरली. साळावचा पूल, कोर्लई, काशीद. एरवी तासा-दीड तासाचा रस्ता, त्या दिवशी फार लवकर संपला. मुरूडजवळ समुद्रात जंजिरा आहे. तो कोणाला जिंकता आला नाही असं शाळेत शिकलो होतो, आणि नेमकं तेच रस्ताभर आठवत होतं. खिशात एका कागदावर वाक्य लिहून घेतलं होतं. योग्य शब्द कुठला त्यावर मी दोन दिवस घालवले होते. 'राग' खोडून 'वाईट' केलं होतं.

ताईने दार उघडलं, "ये" म्हणाली आणि पाण्याचा तांब्या ठेवला. मी कागद न काढताच म्हणालो, "ताई, त्या सहीचं तुला वाईट वाटलं ना?"

"सहीचं नाही," ती म्हणाली. "सही मी मागितली असतीस तर कोऱ्या कागदावर दिली असती."

मग बराच वेळ काही बोलली नाही. मी घड्याळाकडे बघितलं, तेही तिने बघितलं.

"तू पेन्सिलीने फुल्या मारून आणला होतास तो कागद," ती म्हणाली. "बँकेत म्हाताऱ्या बायकांना देता ना तुम्ही, तसा. ताई, इथे कर, इथे कर आणि मागच्या पानावर एक. मी सातवीपर्यंत शिकलेय रे. तुला मुळाक्षरं मी गिरवायला शिकवली. वाचायला तरी द्यायचास."

माझ्याकडे वाक्य तयार होतं, ते या जागेसाठी नव्हतं. रोज चाळीस-पन्नास फॉर्मांवर मी अशा फुल्या मारतो. लोकांची सोय व्हावी म्हणून मारतो, असं मी समजत होतो.

ती आत गेली. भांड्यांचा आवाज जरा जास्तच मोठा येत होता. बाहेर आली ती घावन आणि चहा घेऊन. चहात साखर घातली होती, मला मधुमेह आहे हे तिला कळवायचं राहून गेलं होतं. मी तो सगळा प्यालो. परतीच्या गाडीची वेळ झाली तशी ती पायरीपर्यंत आली.

"विहिरीकडचे माड आहेत का अजून?"

"दोन पडले वादळात. तीन आहेत."

"तो कागद घेऊन ये पुढच्या वेळी. वाचते," ताई म्हणाली. "आणि त्या फुल्या खोडून आण आधी."